पहिल्या पसंतीचं कॉलेज

"काकी, पार्ल्याचं पहिलं टाकूया ना?" किरणने विचारलं.

माझा लॅपटॉप शकुताईंच्या पलंगावर उघडा होता. त्यांच्या लेकीच्या, किरणच्या, अकरावीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये कॉलेजांची पसंती भरायचा तो शेवटचा दिवस. खाली चटईवर माझी तीन वर्षांची गंधाली आणि आणखी चार पोरं बसलेली. शकुताई आळीपाळीने मऊ भात भरवत होत्या.

मुलुंडच्या त्यांच्या या दोन खोल्यांच्या पाळणाघरात गंधालीला सोडून मी बँकेत जाते. आधीच्या पाळणाघरातून ती दंडावर चिमट्याचे वळ घेऊन यायची. त्याच्या आधीच्या ठिकाणी दुपारभर झोपायची. का ते मी खूप उशिरा विचारलं; औषध पाजून झोपवायचे. शकुताईंकडे ती चौथ्या दिवशी हसली.

"हिचा नंबर पार्ल्याला लागला तर आम्ही अंधेरीलाच जाणार राहायला," शकुताई म्हणाल्या. "माझ्या बहिणीची खोली रिकामी आहे. पोरीला रोज इथून कुठे दमवायची?"

"आणि पाळणाघर?"

"तिकडे उघडेन की. पोरं काय, सगळीकडे असतात."

मी किरणची मार्कशीट पुन्हा पाहिली. त्र्याण्णव टक्के. पार्ल्याच्या त्या कॉलेजात मीही शिकले होते. गेल्या वर्षी तिथला सायन्सचा कटऑफ एक्क्याण्णवच्या आसपास होता. हिचा नंबर लागणारच होता.

"पहिलं मुलुंडचं टाकू," मी म्हटलं. "ते पक्कं आहे. पार्लं दुसरं."

"पण आमचे सर म्हणाले, जे खरंच हवंय तेच पहिलं टाका. पहिलं मिळालं की ते घ्यावंच लागतं."

"सरांचं काय जातंय गं? पार्ल्याला लटकत बसलीस आणि मुलुंडही हातचं गेलं, तर? बदलापूरला जाशील?"

हे खोटं होतं. प्रवेश गुणांवर मिळतो. दुसऱ्या नंबरावर टाकलं म्हणून मुलुंड कुठेही जाणार नव्हतं. बोलताना माझा आवाज मात्र अगदी काळजीचा होता.

"आई, सांग ना त्यांना. मला पार्लंच हवंय."

"गप बस गो!" शकुताई हातातला घास तसाच धरून ओरडल्या. "ताई तिथे शिकल्यात. तुझ्या सरांपेक्षा त्यांना ठाऊक. शहाणी मोठी!"

पोरं हसली. किरणचे कान लाल झाले. शकुताईंच्या मोबाइलवर ओटीपी आला. त्यांनी उष्टा हात बाजूला धरून एकेक आकडा मोठ्याने वाचला. मी फॉर्म लॉक केला.

यादी लागली त्या संध्याकाळी मी गंधालीला न्यायला गेले, तर शकुताई खोबऱ्याच्या वड्यांचं ताट घेऊन दारातच उभ्या.

"पहिल्याच फटक्यात लागलं, ताई! घरापासून दहा मिनिटांवर. तुम्ही नसता तर आमचं काय खरं नव्हतं."

आत किरण उभी होती. गंधाली तिच्या कडेवर.

"काकी, पार्ल्याचा कटऑफ बघितलात? एक्क्याण्णव पॉइंट चार."

"यंदा खाली आला वाटतं."

"गेल्या वर्षीही तेवढाच होता. मी आज बघितलं." तिचा आवाज चढला नव्हता. "हेल्पलाइनला फोन पण केला. आता मुलुंडला नाही म्हटलं तर मी पुढच्या फेऱ्यांतून बाद."

"म्हणजे काय गो?" शकुताईंनी विचारलं. "काय झालं?"

किरणने आईकडे पाहिलं, ताटातल्या वड्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी गंधालीची पाण्याची बाटली शोधत असल्यासारखं केलं.

"काय नाय, आई," ती म्हणाली. "कॉलेज चांगलंय, असं म्हणतेय."

"मग! मी काय सांगत होते?" शकुताईंनी माझ्या हातात दोन वड्या ठेवल्या. "आता आम्ही कुठे जात नाही, ताई. तुमची पोर शाळेत जाईपर्यंत सांभाळते बघा."

मी हात पुढे केले. गंधाली येईना. तिने किरणच्या मानेला घट्ट मिठी मारली, तोंड तिच्या खांद्यात खुपसलं. किरणने तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग मानेमागे गुंतलेली तिची बोटं हळूच, न दुखवता, एकेक करून सोडवली आणि तिला माझ्याकडे दिलं.