धुराच्या वासाची झोळी

मित्रांनो, ब्रिस्टलच्या एका फ्लॅटमध्ये खिडकीजवळ बांधलेली, दोन ठिकाणी सांधलेली ती जुनी झोळी म्हणजे मी. तुमच्या आईपेक्षाही मी वयाने मोठी आहे.

माझा जन्म इक्वेडोरच्या जंगलात, नदीकाठी राहणाऱ्या सेकोया लोकांत झाला. तिथल्या एका आजीने चांबिरा नावाच्या ताडाची कोवळी पानं सोलली, उकळली, वाळवली. मांडीवर धागा वळून मला विणलं. मी चुलीजवळ असायची. ज्या कंदाचा तुमचा साबुदाणा होतो, त्याचीच भाकरी तिथे मातीच्या तव्यावर भाजत. आजी माझ्यात बसून नातीला गोष्टी सांगायची. तो धूर माझ्यात मुरला.

ती नात मारुखा. शिकायला इथे येताना तिने मला सोबत आणलं. खालच्या मजल्यावरच्या वैभवीची चार वर्षांची सिया नव्या घरात झोपेना, म्हणून मारुखाने मला त्यांच्याकडे दिलं.

"आजी आता नाही. तिच्या हातचं एवढंच आहे माझ्याकडे. जपशील ना?"

सिया आईच्या कुशीत, माझ्यात गाढ झोपू लागली. पण एकदा ती खोकली आणि वैभवीला माझ्या वासाची धास्ती बसली. तिने मला मशीनमध्ये टाकलं. उकळतं पाणी मी जन्मतःच पाहिलंय हो, पण ती गरगर! माझे धागे तुटले.

"मशीनमध्ये?" सियाचा बाबा अतुल म्हणाला. "अगं, माझा स्वेटर तू हाताने धुतेस!"

"तू गप्प बस. मारुखाला काय तोंड दाखवू मी?"

शनिवारी दुपारी वैभवीने सगळं कबूल केलं. मारुखाने मला नाकाशी धरलं.

"वास गेला," ती म्हणाली. मग तिने धागे ओढून पाहिले. "धागा मात्र अजून दमदार आहे."

तिने वरून चांबिराची जुडी आणली, पँट दुमडली आणि मला सांधायला पायावर धागा वळू लागली.

"अय्या, माझी आजी वाती अश्शाच वळायची!"

"मग बघतेस काय? बस!"

वैभवीचा पहिला धागा पाहून मारुखा खो खो हसली. "हा धागा आहे की नावेच्या नांगराचा दोर?" वैभवीही हसली. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सैल झाले.

संध्याकाळी मारुखाने तिथेच आजीची ती कंदाची भाकरी भाजली. भाकरी करपली, स्मोक अलार्म कोकलला. अतुल खिडकी उघडायला धावला.

"थांब रे जरा," वैभवी म्हणाली आणि तिने मला तव्याच्या धुरात पसरून धरलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूला वास आला तर धुण्याआधी एवढंच विचारा: हा वास कुणाच्या घराचा?