क्वानकुंगाची अर्धी दाढी

दाढी नसेल तर आमचा देव क्वानकुंग म्हणजे कुणीही लाल तोंडाचा माणूस. म्हणून आमच्या लुकांग गावात मूर्ती कोरणाऱ्याची खरी परीक्षा हनुवटीवर होते. हनुवटी गोल, तिच्यावर भोकांच्या रांगा, आणि सगळी भोकं सारख्याच खोलीची हवीत. एखादं उथळ पडलं की केसांचा झुपका धरत नाही.

आमचे हे जन्मभर ती भोकं गिरमिटाने पाडत आले. पो-यान, आमचा मुलगा, ताइचुंग शहरातली नोकरी सोडून घरी आला तो संगणकावर चालणारं, लाकूड कोरणारं सीएनसी मशीन घेऊनच. मग बापलेकांचं रोज वाजायला लागलं.

"देवाच्या तोंडावर यंत्र चालवतोस? लाज नाही वाटत?"

"बाबा, यंत्र आधी बोट लावून हनुवटी चाचपतं. कुठे उंच, कुठे सखल, सगळं लक्षात ठेवतं. मग तिथून मोजून भोक पाडतं."

"मीही चाचपतोच की! मला वीज लागत नाही."

शेवटी ठरलं. देवळासाठी ह्यांनी नवी मूर्ती कोरली होती, तिची दाढी मशीनवर करायची. बिघडली तर मशीन भंगारात. "मग मीही ताइचुंगला परत," पो-यान म्हणाला. इतक्या वर्षांनी पोरगं घरच्या ताटावर जेवायला लागलं होतं.

एवढ्यात देवळाच्या समितीचे अध्यक्ष खो आले. ह्या माणसाला कळत नाही असं जगात काही नाही.

"देवाच्या उघड्या तोंडाला लोखंडी बोट लावणार? छे छे!" त्यांनी लाल साटीनचं जाडजूड कापड पाठवलं. डाव्या अंगाला कापूस भरून फुगवलेला जरीचा ड्रॅगन, कोपऱ्यात त्यांचं स्वतःचं नाव. "चाचपताना हे तोंडावर असू दे. भोकं पाडताना काढा, ते तर कामच आहे."

म्हणजे बोट लावलेलं चालत नाही, भोसकलेलं चालतं!

"काका, कापड जाड आहे," पो-यान म्हणाला.

"तुम्ही मुलं पुष्कळ शिकता, पण रीत तेवढी शिकत नाही."

बिचाऱ्याने काठाशी कापडाची जाडी मोजली, तेवढी हिशेबातून वजा केली आणि काम उरकलं.

प्रतिष्ठापनेला गल्ली माणसांनी भरली होती. ढोल झाले, फटाके झाले. अध्यक्षांनी पुढे होऊन मोठ्या प्रेमाने देवाच्या दाढीवरून हात फिरवला, आणि डावीकडची अर्धी दाढी त्यांच्या हातात आली.

पो-यानने धावत जाऊन हनुवटीवर बोट फिरवलं. "आई, ड्रॅगन!" तो माझ्या कानाशी कुजबुजला. "मशीनने ड्रॅगनची पाठ चाचपली!" कापड जिथे फुगलं होतं तिथवर हनुवटी आहे असं त्या मठ्ठ यंत्राला वाटलं, आणि त्याने लाकडाला जेमतेम ओरखडे काढले.

पो-यानने अध्यक्षांना हे सांगितलं. ते कडाडले, "म्हणजे दोष देवाच्या वस्त्राचा? दोष कुणाचा ते आता देवच सांगेल!"

त्यांनी कौलाच्या लाकडी चंद्रकोरी हातात घेतल्या. एक पालथी आणि एक उताणी पडली की देव हो म्हणाला. लागोपाठ तीनदा हो आलं की निकाल लागला.

"दोष मशीनचा?" हो. पुन्हा टाकल्या. हो. पोराचा चेहरा पांढराफटक पडला.

"थांबा." आमचे हे पुढे आले. "डावी बाजू मशीनने केलीच नाही. माझा विश्वास नव्हता. मी चोरून गिरमिटाने केली. हल्ली दिसत नाही मला."

दिसत नाही म्हणे! माझ्या सुईत दोरा अजून हेच ओवून देतात.

अध्यक्षांना हायसं वाटलेलं दिसलं. कापडाचं नाव निघायची भीती टळली ना! "मास्तर, वय झालं तुमचं. गिरमीट ठेवा आता. यापुढे देवळाचं सगळं काम मुलाच्या मशीनवर." लोक चुकचुकले. कालपर्यंत ह्यांच्यापुढे वाकणारे ह्यांची कीव करत होते. माझा नुसता संताप झाला.

"दोष मास्तरांच्या हाताचा?" अध्यक्षांनी विचारलं.

क्वानकुंग सचोटीचा देव. व्यापारी शपथ घेतात ती त्याची. त्याच्यासमोर उभं राहून माझा नवरा धडधडीत खोटं बोलला होता. मी डोळे गच्च मिटले.

हो. हो. हो.

पो-यान बापाकडे बघून लहान पोरासारखा रडत होता. मी तिथेच जमिनीवर डोकं टेकलं. एवढा सचोटीचा देव, पण आमच्या ह्यांच्यासाठी तीनदा खोटं बोलला.