कोशाच्या पेटीत मी कुठे?

पेटी चार वाजता छापखान्यात जायची होती, आणि त्याआधी मला एकच बघायचं होतं: तिच्यात मी आहे का?

आमचे हे वीस वर्षं कोश करताहेत. आपण येताजाता वापरतो त्या इंग्रजी शब्दांचा. यांची रीतच निराळी. एका अर्थाला एक कार्ड, आणि तो अर्थ कुणाच्या तरी तोंडून ऐकल्याशिवाय लिहायचा नाही. कोपऱ्यात बोलणाऱ्याची ओळख. त्या सगळ्यांची यादी शेवटच्या पानावर छापणार होते.

हे दंतवैद्याकडे गेले तसा मी कार्डांच्या पेटीतला 'ल'चा खण ओढला. मेला अडकला होता. जोर लावला आणि सगळी कार्डं फरशीवर! आता हे काय म्हणतील? अर्थांचा क्रम मला काय कळणार? मग मी आपली माणसांप्रमाणे लावायला बसले.

'लाइन'चीच किती! वायरमन: लाइन गेली, म्हणजे वीज. शिंपी: लाइनचं कापड, म्हणजे रेघांचं. दवाखान्यातली बाई: लाइनीत या. जावई: आमची लाइन वेगळी, म्हणजे धंदा. शेजारची कॉलेजातली पोरगी: तो मला लाइन मारतो. अगं बाई, हे तिनं यांना सांगितलं? वाचता वाचता मी भीतीच विसरले.

मग बाकीचे खणही उपसले. शिंपी तीस वेळा, वायरमन बावीस, जावईसुद्धा सहा. बायको एकदाही नाही.

हे आले आणि पसारा बघून मटकन खाली बसले. "हे काय केलंस?"

"तुमच्या कोशात सगळं गाव आहे. मी तेवढी नाही."

"तू घरातच बोलतेस. ते कधी टिपायचं सुचलंच नाही."

मला असं लागलं म्हणून सांगू! "बरोबर आहे. तुम्हाला लाइनीवर आणता आणता माझा जन्म गेला, ते कशाला ऐकू येईल?"

 यांनी खिशातून पेन्सिल काढली. "पुन्हा म्हण."

"काय?"

"लाइनीवर आणणं. हा अर्थ माझ्याकडे नाहीये."

मी पुन्हा म्हटलं, जरा जोरातच. यांनी कार्ड लिहिलं, कोपऱ्यात 'बायको' लिहिलं आणि छापखान्याला फोन लावला.

"पेटी आज नाही. एका माणसाला विचारायचं राहून गेलंय. उद्या देतो."

"उद्या?" मी यांच्यासमोर बैठक मारली. "महिनाभर तरी लागेल म्हणावं."