ब्रेकवर सासूबाई

शनिवारी दुपारी मेहुण्याचा फोन आला.

"दाजी, उद्या संध्याकाळी येतो आणि आईला घेऊन जातो. राग मानू नका. पण तुमच्या त्या गाडीच्या भरवशावर आईचे डोळे ठेवता येत नाहीत."

त्याचं काही चुकत नव्हतं. सासूबाईंच्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागतं आणि तो दवाखाना गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. गेल्या खेपेला निघायच्या वेळी पाहिलं तर गाडीखाली ऑईलचं डबकं. दुसरी सोय होईपर्यंत डॉक्टर निघून गेले होते. पुढची वेळ सोमवारी सकाळची होती.

बायको आजारी पडली तेव्हा सासूबाई मदतीला म्हणून आमच्याकडे आल्या. मग ती गेली आणि सासूबाई राहिल्या. त्यांना कोणी राहा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. आम्ही दोघं भांडतो. रेडिओच्या आवाजावरून भांडतो, खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून भांडतो. पण जेवताना मध्येच त्या म्हणतात, "तिला हे आवडलं नसतं," आणि मी म्हणतो, "एक घासही खाल्ला नसता." हे बोलायला मला जगात दुसरं माणूस नाही. त्या गेल्या असत्या तर मी भिंतीशी बोललो असतो.

म्हणून रविवारी सकाळीच गाडी उघडायची ठरवली. गॅरेजवाल्याने आदल्या दिवशी वाकून पाहिलं होतं. इंजिनाच्या पुढच्या बाजूला जी मोठी पुली असते तिच्या मागचं सील गेलं होतं. सील म्हणजे रबराचं एक कडं. ते बदललं की गळती थांबणार. पण त्याच्याकडे गाड्यांची रांग लागली होती, पुढच्या आठवड्याशिवाय हात लावणार नव्हता. सुट्या भागांच्या दुकानात सील मिळालं आणि दुकानदाराने टॉर्क पानाही उसना दिला. तो पाना ठरलेल्या जोराला टक् असा आवाज करतो, मग थांबायचं.

मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. माझ्या हाताखालचा सगळ्यात मोठा स्क्रू करंगळीच्या नखाएवढा. त्या पुलीच्या मधोमध जो बोल्ट होता त्याचं डोकं लिंबाएवढं होतं. आमच्या धंद्यात अडलेल्या स्क्रूला जोर लावत नाहीत. तेल सोडायचं, चहा प्यायचा, परत यायचं. मी तेल सोडलं, चहा प्यायलो, परत आलो. बोल्टला त्याचं काही वाटलं नव्हतं.

शेडमध्ये गाडीचं पुढचं एक चाक काढून ती लोखंडी घोडीवर टेकवली होती. चाकाच्या खोबणीत बसून बोल्टच्या डोक्यावर पान्याची गोटी बसवली आणि तिचा दांडा ओढला तर बोल्ट, पुली, इंजिन, सगळंच फिरायला लागलं. म्हणजे इंजिन जागेवर धरून ठेवायला हवं. त्याची युक्ती गॅरेजवाल्याने सांगितली होती: गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकायची आणि एका माणसाने आत बसून पायाचा ब्रेक दाबून धरायचा. चाकं अडतात, त्यांच्यामागे गिअर अडतो, गिअरमागे इंजिन. हँडब्रेकचा उपयोग नाही, तो मागच्या चाकांना असतो आणि आमच्या गाडीचं इंजिन पुढची चाकं फिरवतं.

"आई, आत बसता का?" मी विचारलं.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "कुठे? गाडी चालवायच्या जागी?"

"फक्त ब्रेक दाबायचा आहे."

"या वयात मला ड्रायव्हर करताय, जावईबापू. मुलाला कळलं तर आज दुपारीच येईल." असं म्हणाल्या, पण पदर खोचून निघाल्यासुद्धा. सीट पुढे सरकवली, पाठीमागे दोन उशा दिल्या, तेव्हा कुठे पाय पोचले. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि समोरच्या भिंतीकडे असं बघायला लागल्या की भिंतच आता बाजूला होईल.

मी पुलीवर आणि बोल्टवर मिळून शिंप्याच्या खडूने एक आडवी रेघ मारली. बोल्ट सुटला तर रेघ तुटणार. मग दांडा घट्ट धरला.

"दाबा."

"दाबला."

ओढलं. दांडा आला. अगदी मऊ आला. मी आनंदाने म्हणालो, "आला, आला," आणि खडूची रेघ पाहिली. रेघ अखंड. पुली बोल्टाबरोबर फिरली होती.

"आई, ब्रेक सुटला का?"

"मी सुटू देईन? पाय दुखायला लागला इतका दाबलाय."

परत केलं. परत तेच. शेजारचे नळवाले आवाज ऐकून आले. घरोघरी नळ बसवतात, सासूबाई त्यांना पाईपराव म्हणतात. त्यांनी बरोबर एक लांब पाईप आणला, दांड्यावर चढवला आणि म्हणाले, "आता बघू तुमचा बोल्ट." त्यांनी नुसता हात टेकला तर पुली गरकन फिरली आणि ते स्वतः मागच्या बादलीत बसले.

"गिअर लागलाच नाही," ते बादलीतून उठत म्हणाले.

मी जाऊन गिअरचा दांडा पाहिला. पाचवाच होता.

"मग तुमचा क्लच गेला," पाईपराव म्हणाले. "इंजिनाचा आणि चाकांचा संबंधच राहिला नाही. असं असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल, मशीनवाले. दोन-चार दिवसांचं काम." त्यांना एका घरी टाकी बसवायला जायचं होतं. पाईप ठेवून गेले.

मी तिथेच पाट घेऊन बसलो. क्लच गेला तर सोमवार गेला, आणि सोमवार गेला तर संध्याकाळी मेहुण्याला तोंड द्यायला काही उरलं नाही. आतून आवाज आला, "काय झालं? सोडू का?"

"सोडा," मी म्हणालो. "थांबा, पाणी आणतो तुम्हाला."

पाण्याचा तांब्या घेऊन गाडीचं दार उघडलं. त्यांनी अजून सोडलं नव्हतं. मी आत वाकलो आणि पहिल्यांदा त्यांचे पाय पाहिले. उजवा पाय ब्रेकवर. डावा पाय क्लचवर. दोन्ही पाय तळापर्यंत दाबलेले, गुडघे जुळवलेले, शाळेतल्या मुलीसारखे.

"आई, हा डावा पाय तिथे कशाला?"

"कशाला म्हणजे? ब्रेक दाबायचाय ना?"

"ब्रेक उजव्या पायाखाली आहे. डाव्या पायाखाली क्लच आहे. तो दाबला की इंजिन मोकळं सुटतं."

"पण ती दोन्ही दाबायची," सासूबाई म्हणाल्या. "सिग्नल आला की दोन्ही. मी शेजारी बसून बघितलंय की. इतकी वर्षं बघितलंय."

गाडी माझ्या बायकोची. चालवायची ती, आणि तिची आई शेजारी बसून तिचे पाय बघायची. गाडी थांबवताना बंद पडू नये म्हणून सगळेच दोन्ही पाय दाबतात, पण सासूबाईंना ते कोण सांगणार? त्यांनी लेकीने केलं तसं केलं होतं, एका पायाचाही आळस न करता.

"म्हणजे मघापासून मीच इंजिन सोडून देत होते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि पाईपराव माझ्यामुळे बादलीत बसले?"

"हो."

आधी त्यांचा खांदा हलला. मग दुसरा. मग त्या स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसायला लागल्या आणि त्यात चुकून हॉर्न वाजला, त्याने दचकून दोघंही आणखी हसलो. पाणी सगळं माझ्या शर्टावर. तिच्यामागे या घरात आम्ही असे कधी हसलो नव्हतो. हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि डावा पाय उचलून सीटवर मांडी घातल्यासारखा दुमडून ठेवला.

"आता हा खाली येणारच नाही. ओढा."

पाईप चढवला. जमिनीत पाय रोवून सगळं वजन टाकलं. काही नाही. परत टाकलं. दांडा थोडा वाकला, मग कड्ड असा आवाज आला आणि मी पाठीवर पडलो. मला वाटलं, काहीतरी तुटलं. उठून पाहिलं तर तुटली होती ती खडूची रेघ. पुली जागेवर, बोल्ट पाव फेरा पुढे.

"सुटला," मी म्हणालो.

"ऐकला मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही पडलेलंही ऐकलं. लागलं का?"

"नाही."

"मग चला, पुढचं करा. मुलगा यायचाय."

पुढचं माझ्या हातचं काम होतं. पुली ओढून काढली. जुनं सील हुकाने उचकटलं. ते वाळून कडक झालं होतं, बोटांनी दाबलं तर तडकलं. जागा पुसली, नव्या सीलच्या आतल्या कडेला तेल लावलं आणि जुनंच सील त्याच्यावर ठेवून हलक्या हातोडीने चहूबाजूंनी ठोकत आत बसवलं. शिलाई मशीनचं बेअरिंग बसवतात तसंच हे, फक्त हात दुप्पट मळतो. बोल्टाचे आटे तारेच्या ब्रशने साफ केले. पुली चढवली.

घट्ट करायची वेळ आली तशा सासूबाई परत ड्रायव्हरच्या जागी. या खेपेला सांगावं लागलं नाही. टॉर्क पान्याने मी ओढत गेलो आणि एकदाचं टक् वाजलं. पण या बोल्टाला तेवढं पुरत नाही. टक् झाल्यावर वर आणखी पाव फेरा द्यायचा असतो, आणि तो पाव फेरा काही मला जाईना. मी लटकलो तरी दांडा ढिम्म.

तेवढ्यात मेहुणा आला. हातात मोठी रिकामी बॅग. त्याने आधी घोडीवरची गाडी पाहिली, मग आत ड्रायव्हरच्या जागी उशांना टेकून बसलेली आई पाहिली.

"आई, तू तिथे काय करतेस?"

"काम करतेय. मला हात लावू नकोस, पाय सुटेल."

"दाजी, हे काय चाललंय?"

"बोल्टाला पाव फेरा द्यायचा राहिलाय," मी म्हणालो. "माझ्या वजनाने जात नाही."

सासूबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली. "अरे, तू आहेस ना दुप्पट. बॅग ठेव आणि ओढ."

मेहुणा पोटाने आणि खांद्याने भरलेला माणूस आहे. त्याने शर्टाच्या बाह्या सारल्या, पाईप धरला, मी नवी खडूची रेघ मारून कुठपर्यंत ते दाखवलं. त्याने दात आवळले. दांडा हळूहळू, कुरकुरत, रेघेपर्यंत आला.

"बास," मी म्हणालो.

"अजून देऊ?"

"नको. अगदी बरोबर बसला."

तो धापा टाकत बोल्टाकडे बघत राहिला. आपण काय घट्ट केलं ते त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं असावं, कारण मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही दोघं मिळून मला गंडवताय."

"तुझ्या हातांनी झालं," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही कोण?"

पुलीवरचा काढलेला पट्टा परत चढवला, चाक लावलं, गाडी खाली घेतली, इंजिनात कमी पडलेलं ऑईल घातलं. खाली पांढरा पुठ्ठा सरकवून इंजिन सुरू केलं. ते चालू असताना आम्ही तिघं पुठ्ठ्याकडे बघत उभे होतो. इंजिन चांगलं तापल्यावर बंद केलं. मेहुणा माझ्याआधी जमिनीवर आडवा झाला. पुठ्ठा ओढून काढला, उलटा केला, उजेडात धरला, बोट फिरवलं. बोट कोरडं.

"उद्या कितीची वेळ आहे?" त्याने विचारलं.

"नऊची," मी म्हणालो.

"आणि पुढच्या महिन्यात हे परत गळलं तर?"

"तर तू येऊन ओढ," त्याच्या आईने सांगितलं. "मी ब्रेक धरीन. मला आता येतं."

तो हसला नाही, पण बॅग उचलून त्याने विचारलं, "हिचं काय करू?"

"ती राहू दे इथे. माझ्या बॅगेची चेन कधीची तुटलीये." मग थोड्या मऊ आवाजात म्हणाल्या, "तूही राहा की आजची रात्र. सकाळी आमच्याबरोबर चल. मागे बसावं लागेल, पुढची जागा माझी आहे."

तो राहिला. बॅगेत त्याने स्वतःसाठी काहीच आणलं नव्हतं आणि अंगातला शर्ट तेलाने माखला होता. मी माझा सगळ्यात सैल शर्ट दिला. तो पोटावर मिटेना. जेवणं होईपर्यंत मी बटणं पार कडेला सरकवून टाकली आणि सासूबाई आमच्या दोघांच्या मध्ये बसून त्याला पाईपराव बादलीत कसे बसले ते सांगत होत्या.