दोन मिनिटं शांतता

आमच्या धामणगाव बढ्यात माणूस गेला की चितेला अग्नी देतात आणि भगवानराव बोलायला उभे राहतात. बऱ्याचदा आधी विझते ती चिता.

माझ्या वडिलांनी, शेषरावांनी, दवाखान्यात माझा हात धरून शेवटचं मागणं मागितलं ते हेच. "गोविंदा, माह्या मयतीत भगवानले बोलू देऊ नको. लोक वैतागतीन अन् शिव्या मले देतीन." मी शब्द दिला.

पण अग्नी देऊन मागं वळतो तर भगवानराव सुरू. काळानं घाला घातला, आधारवड कोसळला, पोकळी कधीच भरून निघणार नाही. बाबा म्हणजे मूठभर हाडांचा माणूस, त्यांची एवढी पोकळी कुठून येणार? अश्रूंचा महापूर येईपर्यंत माझं रडू पार आटलं. एकेक शब्द सोयाबीनच्या पोत्यासारखा अंगावर पडत होता. चिखलीहून जीपनं आलेले पाहुणे सारखे घड्याळ बघत होते.

मसणात भांडायचं तरी कसं? मग सुचलं. आमच्याकडं शोकसभा संपते ती दोन मिनिटं उभं राहून. मी उठलो, हात जोडले, मान खाली घातली. पोरगाच उभा राहिला म्हटल्यावर सगळं गाव उभं राहिलं. भगवानराव वाक्यातच अडकले आणि त्यांनीही मुकाट्यानं हात जोडले. मला भलतंच बरं वाटलं.

तेवढ्यात बाबांचे जुने दोस्त कचरूकाका चितेकडं बघून पुटपुटले, "शेष्या, लबाडा, काऊन पळाला बे?"

कोणीतरी हसू दाबलं. काका थांबेनात. "जिंदगीभर माहे पत्ते चोरून पाह्यले तुनं. माह्या लग्नात माहेच जोडे घालून नाचला, मी अनवाणी हिंडलो. माहा बैल मेला तं घरी येऊन बसला, जेवलाबी नाही. आता मी कोणाशी भांडू, हरामखोरा?"

असं कितीतरी. लोक हसत होते, डोळे पुसत होते, बसायचं कोणाला सुचलं नाही. मला दुसऱ्याच्या जोड्यात नाचणारे बाबा दिसत होते.

"बस, झालं माहं," काका म्हणाले.

"एवढ्यात?" मी म्हणालो.

भगवानरावांनी घड्याळ पाहिलं. "माह्यापेक्षा जास्त बोलला तो," ते जरा रुसूनच म्हणाले.

सरण खाली बसलं होतं. तेव्हा कुठं मला रडू फुटलं.

"काका," मी म्हणालो, "अजून दोन शिव्या द्या नं त्याहिले."