चिलापीच्या पोटातले तीळ

"आक्का, खरं सांगा. तुम्ही डबा आत बसून खाल्ला होता काय?"

संयोगिता मासे कापायचा ट्रे धूत होती. तिनं नळ बंद केला. विद्याश्री मॅडम संगणकासमोर कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

"न्हाय मॅडम. मी भाईरच जेवतो की, चिंचंखाली. तुमी बघता की रोज."

"मग ह्या माशाच्या रिपोर्टात भात आला कुठनं? आन् तीळ?"

कोल्हापुरातल्या त्या कॉलेजच्या प्राणीशास्त्राच्या प्रयोगशाळेत संयोगिता मदतनीस होती. विद्याश्री मॅडम मूळच्या कर्नाटक सीमेकडच्या. नदीतले मासे काय खातात आणि त्यांच्या आतड्यात कोणते जंतू नांदतात, हा त्यांचा अभ्यास. मासे आले की संयोगितानं पोट चिरून आतडं काढायचं, नळीत भरायचं, गोठवायचं. नळ्या बेंगळुरूला जात. तिकडं आतड्यातला डीएनए वाचला जाई आणि मासा काय जेवला त्याची नावं इकडं येत. शेवाळ, किडे, गोगलगाई. पोटात पार लगदा झालेल्या घासाचंही नाव लपत नाही, याचं तिला पूर्वी भारी कौतुक वाटे. हल्ली कशाचंच वाटत नव्हतं.

कृष्णात, तिचा नवरा, कागलच्या एमआयडीसीतून पाळी करून येताना वाटेतच छातीत कळ येऊन गेला. ती रडली नाही. बाई घट्ट आहे, असं लोक म्हणाले. घट्ट कसली, आत काही हलतच नव्हतं. दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंड मांडला आणि कावळा शिवेना. दीर आण्णा हात जोडून एकेक कबूल करत गेला. वहिनीला अंतर देणार नाही, म्हैस विकणार नाही. कृष्णातची तंबाखू ठेवली, पळत जाऊन कांदाभजी आणली. कावळे समोरच्या झाडावर बसून नुसते बघत राहिले. ऊन चढलं, पाहुणे घड्याळं बघायला लागले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिवला आणि पिंड पाण्यात सोडला.

परतताना जाऊ म्हणाली होती, "काय राह्यलं आसंल गं त्येंचं? तुला तर ठावं पायजे."

तिला ठाऊक नव्हतं. त्याच्याबरोबर एवढा संसार केला आणि एवढंही ठाऊक नसावं, ही एकच गोष्ट तेवढी तिला सलत होती. तेव्हापासून चिंचेखाली डब्याजवळ कावळा आला की ती खडा उचलायची.

"कुठल्या माशात हाय हे?" तिनं विचारलं.

"घाटाजवळच्या चिलापीत. भात, तीळ, आन् दर्भासारखं कसलं तरी गवत. नमुना खराब झालाय. काढून टाकते मी."

संयोगितानं पुढं होऊन मासा धरल्याची तारीख बघितली. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशीची होती. तेरावा उरकून ती कामावर आली तेव्हा ही चिलापी बर्फात पडून होती आणि तिनंच ती चिरली होती. आत काय आहे ते बघितलंसुद्धा नव्हतं.

"काढू नका मॅडम. त्यो पिंड हाय."

"म्हंजे?"

मॅडम लिंगायत, त्यांच्या घरात माणसाला पुरतात. घाट, पिंड, कावळा यांच्याशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. संयोगितानं बाजारभाव सांगावा तसं सगळं सांगितलं. भाताचा गोळा, वर काळे तीळ, खाली दर्भ. मग पाण्यात सोडायचं.

"आमच्या मालकांचा कावळ्यानं न्हाय घेतला," ती शेवटी म्हणाली.

मॅडमनी खुर्ची तिच्याकडं वळवली. "आक्का, हा तुमचाच आसंल आसं मला न्हाय सांगता येणार. तिथं रोज कुणाकुणाचे सोडत आसतील."

"ठावं हाय की."

"पण एक सांगते. घाटावरच्या सगळ्या चिलाप्यांत भात पचवणारे जंतू लई हाईत. नदीच्या वरच्या अंगाच्या माशांत तेवढे न्हाईत. म्हंजे एखाद्या दिवसाचं न्हाय हे. रोजचं जेवण हाय त्यांचं."

"म्हंजे वाया जात न्हाय?"

"न्हाय."

आता तरी रडू येईल, असं संयोगिताला वाटलं. आलं नाही. कृष्णातचं काय राहिलं होतं, ते माशाच्या पोटातूनही कळलं नव्हतं. तिनं नळ सोडला आणि राहिलेला ट्रे धुऊन पालथा घातला.

दुपारी ती चिंचेखाली डबा उघडून बसली. कावळा आला, तिरका होऊन बघायला लागला. तिनं खडा उचलला नाही. भाकरीचा तुकडा मोडून त्याच्यापुढं टाकला.

"खा बाबा. तुझ्यावर राग न्हाय," ती म्हणाली.

कावळ्यानं तुकडा उचलला आणि तो कुंपणावर जाऊन बसला. उरलेली भाकरी तिनं पुढ्यात ओढली. तिला भूक लागली होती.