चकचकीत पातेल्यावरचा आळ

मित्रांनो, या घराखाली चिखलात कलंडलेलं जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं म्हणजे मी. ब्राझीलच्या जंगलातल्या तापाजोस नदीकाठी आमची घरं खांबांवर असतात. वरच्या फळ्यांच्या फटींतून मला सगळं दिसतं, ऐकू येतं, आणि जीव नुसता तळमळतो.

कारखान्यात ठोकून-घडवून मला बोटीवरच्या फेरीवाल्याकडे दिलं. त्याच्याकडून ओतीलियाने मला घेतलं. आमच्याकडे बाईची पारख तिच्या भांड्यांवरून होते. ओतीलिया मला नदीच्या वाळूने असं घासायची, की माझ्यात बघून खुशाल भांग पाडावा. शेजारणी जळायच्या. काय दिवस होते ते! माझ्यात रोज मासा शिजायचा आणि त्यावरच तिची लेक लिंडाल्वा वाढली. मग नदीच्या वरच्या अंगाला सोनं काढणारे आले. पाणी गढूळ झालं, पण माशाची चव काही बदलली नाही.

लिंडाल्वाची मुलगी जुसारा पाच वर्षांची झाली, तरी पाऊल धड टाकेना. घास तोंडाशी नेईपर्यंत हात थरथरायचा आणि सगळं सांडायचं. शहरातून नर्सबाई आली आणि सगळ्यांचे केस तपासायला घेऊन गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. सगळ्यांच्या केसांत पारा निघाला; सोनंवाले तो वापरतात, तो पाण्यातून माशांत जातो, म्हणाली. दुसरे मासे खाणाऱ्या मोठ्या माशांत तर फारच साठतो. पोटातल्या बाळाला तो सगळ्यात जास्त बाधतो, जुसाराचं तेच झालं. लिंडाल्वाला पुन्हा दिवस गेलेत, तिला ते अजिबात देऊ नका. पाला-फळं खाणारे मासे द्या.

"आणि ते नाही मिळाले, तर पोटुशीला काय नुसतं पीठ चारू?" ओतीलिया कडाडली. "आणि हा पारा दिसतो तरी कसा?"

"चांदीसारखा. चकचकीत असतो."

झालं! ओतीलियाची नजर माझ्यावर खिळली. भांड्याचा काही संबंध नाही हो, असं नर्सबाई जीव तोडून सांगत होती. ऐकतो कोण? नदीवर संशय घ्यायचा, तर जगायचं कशावर? त्यापेक्षा माझ्यावर घेणं सोपं होतं.

"माझ्या नातीचं वाटोळं तूच केलंस, मेल्या," असं म्हणत तिने मला खाली भिरकावलं. म्हणताना ती रडत होती. तिचा राग मला येत नाही, मित्रांनो. मला भीती वाटते.

आज वर चुलीवर मातीचं मडकं आहे. जावयाने भलामोठा शिकारी मासा आणला, दुसऱ्या माशांवर पोसलेला. पोटाकडचा जाड तुकडा ओतीलियाने लेकीच्या ताटात वाढला, मायेने, काटे काढून.

"आई, हा चालेल ना गं?" लिंडाल्वाने हळूच विचारलं.

"बिनघोर खा. भांडं बदललंय आता."

मित्रांनो, पातेल्याला तोंड असतं, पण बोलता येत नाही. मी काय करू? तुम्हाला बोलता येतं. कुणीतरी धावत वर जा रे, तिचा हात धरा. तिने आत्ता पहिलाच घास उचललाय.